फक्त मलाच येणारा वास

वास कशाचा होता ते आधी सांगते. म्हणजे तुमच्यापैकी कुणाला तो येत असेल, तर माझी बाकीची गोष्ट वाचत न बसता डॉक्टर गाठता येईल. कांद्याचं पोतं भिजून कोपऱ्यात राहिलं की कांदा आतून पाणी सोडतो. तसा तो वास होता, आणि त्याच्या तळाशी मांस नासल्यासारखं काहीतरी. यायचा आणि जायचा. मी खाली वाकले की हमखास यायचा.

आमचं उंब्रजला मिरची-कांडपाचं मशीन आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला बायका मिरच्या वाळवून, मसाले भाजून डबे घेऊन येतात आणि वर्षाची चटणी कुटून नेतात. खोबरं खवट आहे का, धणे कुबट झालेत का, हे मी डबा उघडताक्षणी सांगायचे. त्यामुळं त्या दिवशी एका बाईंच्या डब्यावर वाकून मी म्हटलं, "काकी, ह्यात काहीतरी कुजलंय," तेव्हा त्यांनी घाबरून डबा वर्तमानपत्रावर पालथा केला. काही सापडलं नाही. चांगल्या खणखणीत वाळलेल्या मिरच्या होत्या. पुढच्या बाईंच्या डब्यालाही तोच वास आला. मग घरी भाताला आला. मग माझ्या पदराला.

मी घर धुऊन काढलं. माळ्यावरचे कांदे उकिरड्यावर टाकले, मोरी घासली, पांघरुणं उन्हात घातली. माझी मुलगी प्रणाली कराडला कॉलेजला जाते. ती घरी आली आणि दारातच म्हणाली, "आई, केवढं फिनेल ओतलंयस!"

"अजून वास येतोय गं."

"कसला?"

तिनं खरंच दोन-तीनदा नाक वर करून हुंगलं आणि माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं. ती नजर मला नंतर बऱ्याच जणांच्या डोळ्यांत दिसली.

मिरचीवर खापर

डाव्या नाकपुडीतून पिवळं पाणी यायला लागलं. फक्त डाव्या. डावा गाल आतून जड वाटायचा, पाटीतली मिरची उचलायला वाकले की डोळ्याच्या खाली ठणका बसायचा. गावातल्या डॉक्टरांनी सर्दीच्या आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, वाफ घ्यायला सांगितलं आणि म्हणाले, "वहिनी, दिवसभर मिरचीच्या खकाण्यात बसता. नाक किती सहन करणार?"

ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. गोळ्या चालू असताना बरं वाटायचं, संपल्या की चार-सहा दिवसांत वास परत यायचा, आणि दर वेळी आधीपेक्षा घट्ट होऊन यायचा. मी तोंडाला दुहेरी फडकं बांधून मशीनवर बसायला लागले. फडक्याच्या आत तर तो जास्तच यायचा. वास बाहेरून येत नाही हे मला खरं म्हणजे तेव्हाच कळायला हवं होतं, पण स्वतःच्या डोक्याच्या आत काहीतरी कुजतंय असा विचार कुणाच्या मनात सहज येत नाही.

माझे मालक फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेत, आता ऊस बघतात. ताप असेल तरच माणूस आजारी, असा त्यांचा हिशोब. मला ताप नव्हता. ते म्हणायचे, "सर्दी हाय गं. फौजेत सर्दीला कुणी रजा देत न्हाई." पण पुढं पुढं त्यांचंही बोलणं कमी झालं. एक दिवस आम्ही दोघंच मळ्यात होतो. बांधावर बसून त्यांनी दुसरीकडं बघत विचारलं, "सुनंदा, कराडला एक डोक्याचे डॉक्टर हायत म्हणं. नुसतं दाखवून यायचं का?"

आवाज अगदी मऊ होता. ते रागावले असते तर मी भांडले असते. त्या मऊ आवाजाशी मला भांडता येईना. कारण तोवर मलाही तेच वाटायला लागलं होतं.

आत्या

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. ऐंशीच्या पुढच्या आहेत. अलीकडं त्यांना कधीकधी लघवीला वेळेत जाता येत नाही, त्यामुळं चादरी बदलणं माझ्याकडं असतं, आणि आम्ही दोघी त्याबद्दल काही न बोलता ते करत होतो. वास सुरू झाल्यावर मी त्यांची खोली दिवसातून दोनदा पुसायला लागले. खिडकी सताड उघडी ठेवायचे, उदबत्ती लावायचे. मला वाटायचं मी घराचं करतेय.

एका दुपारी जेवताना मी ताट उचलून बाहेर सोप्यात नेलं, कारण आत घास उतरत नव्हता. मागनं आत्यांचा आवाज आला.

"माज्या अंगाचा वास येतोय म्हन की सरळ."

"आत्या, तसं न्हाई ओ—"

"मग कसं? समद्या घरात कुणालाच येत न्हाई, तुलाच येतोय. आनि माजीच खोली पुसत बसतीस. मी काय आंधळी हाय व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपलं अंथरूण स्वतः ओढत सोप्यात नेलं. ताटही तिकडंच. मी कितीही सांगितलं, मालकांनी सांगितलं, प्रणाली रडली, तरी आत आल्या नाहीत. शेजारच्या बायका येता-जाता विचारायच्या, "आत्या, भाईर का बसलाय?" त्या म्हणायच्या, "वारं बरं लागतंय." माझ्याशी त्यांचं बोलणं बंद झालं. आजारानं पहिल्यांदा माझ्याकडून काही नेलं असेल तर ते हे. डोळ्याचं नंतर आलं.

डोळा

सकाळी उठले तर डावा डोळा उघडेना. वाटलं चिपडं धरली असतील. पाणी मारलं, बोटांनी पापणी वर केली. समोर दोन चुली दिसल्या, दोन्हींवर चहाचं पातेलं. एक जरा वर, एक जरा खाली. मी हात पुढं केला आणि जी चूल नव्हती तिच्याकडं गेला.

प्रणाली माझ्यामागं उभी होती. मी वळल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

"आई, आरशात बघू नको."

मी बघितलंच. पापणी लिंबाएवढी सुजली होती, जांभळी, चकाकणारी. बुबुळ पुढं ढकलल्यासारखं दिसत होतं. आता तापही होता, म्हणजे मालकांच्या हिशोबानं मी आजारी होते. त्यांनी लगेच गाडी काढली.

कराडला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून नाकात बघितलं, डोळा उजवीकडं-डावीकडं फिरवायला सांगितला. डावीकडं तो फिरेचना. डॉक्टर बॅटरी ठेवून मालकांकडं वळले. "इथं थांबू नका. सांगलीला मोठ्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता न्या. मी फोन करतो." मग म्हणाले, "बुरशी असू शकते. नाहीतर साधा जंतूही असेल. पण डोळ्याच्या मागं गेलंय, आणि त्याच्या मागं मेंदू आहे."

बुरशी. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. माझी नणंद मेढ्याला दिलीय. तिचे मालक कोरोनातून बरे होऊन घरी आले, दारात ओवाळून घेतलं, आणि पंधरवड्याच्या आत काळ्या बुरशीनं त्यांचा एक डोळा आणि वरचा अर्धा जबडा काढावा लागला. माणूस वाचला. पण आजही ते जेवताना पंक्तीत बसत नाहीत. त्यांचंही सुरुवातीला गाल जड होण्यापासूनच चालू झालं होतं, हे मला माहीत होतं. मालकांनाही माहीत होतं. सांगलीपर्यंत मालकांनी गाडी कुठं थांबवली नाही. मी उजवा डोळा मिटून, डावी पापणी बोटानं वर धरून फक्त डाव्यानं उसाचे फड बघत होते. हिरवं मळकट दिसत होतं.

सांगली

माझा धाकटा भाऊ सुहास सांगलीत हळदीच्या बाजारात अडत्याकडं कामाला आहे. तो सौदे सोडून तसाच दवाखान्याच्या दारात येऊन उभा होता. हात, मनगटं, शर्टाच्या बाह्या सगळं पिवळं. मला बघून तो हसायचा प्रयत्न करत होता. "ताये, काय गं हे, मिरची डोळ्यात गेली व्हय?" म्हणाला, आणि पिवळ्या बाहीनं स्वतःचे डोळे पुसायला लागला.

रक्त घेतलं. साखर वाढलेली निघाली. मला साखर आहे हेच मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आणि काळी बुरशी साखरेच्या माणसाला धरते, हे आम्हाला मेढ्याच्या पाहुण्यांमुळं पाठ होतं. मालक भिंतीला टेकले.

स्कॅन झाल्यावर तिथल्या मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, बोलणं तुटक. फोटो उजेडावर लावून त्यांनी आधी मला एकच प्रश्न विचारला.

"वरचा डावा दात कधी दुखला होता का?"

इतक्या महिन्यांत दाताचं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. वर्षापूर्वी वरची दाढ दुखली होती. तिची नस काढून वर टोपी बसवली होती. नंतर ती कधीच दुखली नाही. मी ती विसरूनही गेले होते.

"दुखणार कशी," मॅडम म्हणाल्या, "नस काढल्यावर ती ओरडू शकत नाही. पण मुळाच्या टोकाशी पू होऊ शकतो. कधीकधी उपचार नीट करूनही होतो. ही बघा दाढेची मुळं. आणि हा वर गालातला पोकळ भाग, सायनस. मधे हाड किती आहे?"

मला फोटोतलं काही कळलं नाही.

"कांद्याचा पापुद्रा असतो ना, तेवढं. ते झिजलं. पू वर सायनसमध्ये चढला, तिथून डोळ्याच्या खोबणीत. तुम्हाला घाण वास येत असेल."

मी मालकांकडं बघितलं. ते मान खाली घालून बसले होते.

"येतोय," मी म्हटलं. "लय दिवस झाले. फक्त मलाच."

"तुम्हालाच येणार. तुमच्या नाकाच्या आत आहे तो."

मला तिथंच हुंदका फुटला. डोळा जायची वेळ आलेली, आणि मी कशासाठी रडत होते? मी वेडी नव्हते म्हणून. मॅडमनी मला थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता पुढचं ऐका. आज ऑपरेशन. दाढ काढायची, सायनस मोकळा करायचा, डोळ्यामागचा पू काढायचा. जे निघेल ते बुरशीसाठी तपासायला जाईल. बुरशी निघाली तर परत आत जावं लागेल, आणि तेव्हा काय काय काढावं लागेल ते आज सांगत नाही."

"डोळा?" मालकांनी विचारलं.

"वाचवायचा प्रयत्न करू. शब्द देत नाही."

लाल टोपण

वॉर्डात एक नर्स होती. ती ठराविक वेळानं यायची, सलाईन बघायची, आणि खिशातून औषधाच्या बाटलीचं लाल टोपण काढून माझ्यासमोर धरायची. आधी उजव्या डोळ्यानं बघायचं, मग पापणी बोटानं वर करून डाव्या. "लाल सारखाच दिसतोय का, मावशी?"

डोळ्याची नस दबायला लागली की आधी लाल रंग जातो, असं तिनं सांगितलं. मी पंधरा वर्षं मिरच्यांत काढलीत. उजव्या डोळ्यानं टोपण नव्या ब्याडगीसारखं दिसायचं. डाव्यानं बघितलं की गेल्या वर्षीच्या, उन्हात राहून गेलेल्या मिरचीसारखं.

"सारखा न्हाई," मी सांगायचे. ती मान हलवून काहीतरी लिहायची आणि जायची. तिचा चेहरा कधी बदलला नाही. मी तिच्या पावलांचा आवाज आला की उजवा डोळा मिटून, डावी पापणी वर करून आधीच भिंतीवरच्या लाल पाटीकडं बघायचे. मनातल्या मनात तालीम करायचे. वाटायचं, जरा जोर लावून बघितलं तर लाल होईल.

शेजारच्या कॉटवर जतकडच्या एक आजी होत्या. त्यांचं निम्मं बोलणं कानडी. मेंढरांमागं आयुष्य गेलेलं. त्यांना काय झालं होतं मला नीट कळलं नाही, पण त्यांच्याही तोंडाची एक बाजू बांधलेली होती. मला ऑपरेशनला न्यायच्या आधी त्यांनी कॉटवरनं हात लांब केला आणि माझं मनगट घट्ट धरलं. मेंढराचा पाय धरावा तसं. ट्रॉली आल्यावर सोडलं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. थंडी वाजली, कुणीतरी नाव विचारलं, मी नाव सांगायला तोंड उघडलं, आणि एकदम घसा कोरडा पडलेला, नाक दोन्ही बाजूंनी ठासून भरलेलं, आणि मालक वरनं माझ्याकडं बघतायत. श्वास फक्त तोंडानं. जिभेला दाढेच्या जागी टाक्यांचे दोरे लागले. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी होती. पट्टीच्या खाली डोळा आहे का, हे मला कळत नव्हतं. विचारायला मन धजावेना. मी डोळा आत हलवून बघितला. काहीतरी हललं. पण मेढ्याचे पाहुणेही म्हणायचे की डोळा काढल्यावरही तो हलल्यासारखा वाटतो.

शेवटी मी मालकांचा हात धरून पट्टीकडं नेला. त्यांना समजलं. "हाय," ते म्हणाले. "हाय गं. मी बघितला."

शेजारची कॉट रिकामी होती, चादर बदललेली. आजींना मिरजेला हलवलं एवढंच नर्स म्हणाली.

थांबणं

पुवाची काचपट्टीवरची पहिली तपासणी आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "स्पष्ट नाही. एक-दोन ठिकाणी शंका आहे. पक्का रिपोर्ट यायला वेळ लागेल."

आजारात दुखणं मोठं नसतं, मध्ये थांबायचं असतं ते मोठं. रोज सकाळी नाक धुणं, सलाईनमधनं औषध, पोटात सुई साखरेची, मऊ गिळगिळीत खिचडी. नाक शिंकरायचं नाही, नळीनं काही ओढून प्यायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. सुहास बाजारातून थेट यायचा, पायताण दाराबाहेर काढायचा. त्याच्या अंगाला ओल्या हळदीचा, गुळाच्या ढेपांचा वास असणार हे मला माहीत होतं, पण मला काहीच येत नव्हतं. कुजका वास गेला होता आणि त्याच्याबरोबर सगळेच वास गेले होते. साबण, औषध, मोसंबी, काही नाही. जग धुवून पुसून ठेवल्यासारखं.

प्रणाली घरी आत्यांपाशी होती. फोनवर रोज विचारायची, "रिपोर्ट आला?" एकदा मी म्हटलं, आत्यांना दे. बराच वेळ फोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला. मग प्रणालीच म्हणाली, "आजी बोलत नाहीये. पण तिनं फोन कानाला लावलाय."

मालकांनी वॉर्डात मेढ्याचा विषय एकदाही काढला नाही. पण एका दुपारी मी जागी झाले तर ते व्हरांड्यात पाठमोरे उभे होते आणि फोनवर त्यांच्या बहिणीच्या मालकांशी बोलत होते. "दाजी, तुमाला... तवा पैल्यांदा काय जाणवलं होतं? न्हाई, सहज इचारतोय." त्यांचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी परत डोळे मिटून घेतले. त्यांना आत यायला वेळ मिळावा म्हणून.

पट्टी निघाल्यावर नर्स परत येत राहिली. लाल टोपण. "सारखा न्हाई." लाल टोपण. "थोडा बरा हाय." मी खरंच बरा दिसतोय म्हणून सांगत होते की तिला बरं वाटावं म्हणून, हे मलाच ठरवता येईना.

रिपोर्ट आला तेव्हा मॅडम नेहमीसारख्याच तुटक बोलल्या. "काळी बुरशी नाही. दाताचे नेहमीचे जंतू आहेत. औषध बरोबर चालू आहे." आणि पुढच्या कॉटकडं निघाल्या. मालक खुर्चीवरनं उठून ताठ उभे राहिले होते, हात मांडीला चिकटवून, साहेबासमोर उभं राहावं तसे. मॅडम लांब गेल्यावरही ते तसेच उभे होते. मी म्हटलं, "आवं, बसा आता." तेव्हा बसले.

घरी

सगळं परत आलं नाही. डावा गाल आणि वरचा ओठ अजून बधिर आहे, चहा पिताना ओघळ कळत नाही. थकले की दोन-दोन दिसतं. साखरेच्या गोळ्या कायमच्या लागल्या. नाक दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्यानं धुते. मॅडमनी सांगितलंय की एकदा हाड झिजलेल्या जागी परत होऊ शकतं. म्हणून दर काही महिन्यांनी सांगलीला जाऊन दुर्बिणीतून बघून यायचं. ती नळी नाकात गेली की मी मॅडमच्या चेहऱ्याकडं बघत राहते. तिथं काही दिसत नाही.

मी हे लिहितेय ते ज्यांची सर्दी हटत नाही त्यांच्यासाठी. साधी सर्दी मलाही होते, तुम्हालाही होते, ती जाते. पण एकाच बाजूचं नाक वाहत असेल, घाण वास येत असेल आणि तो दुसऱ्या कुणाला येत नसेल, तर वरच्या दातांचा फोटो काढून घ्या. दात दुखत नसला तरी काढा. आणि डोळा सुजला, पुढं आला, दोन-दोन दिसायला लागलं, तर त्या दिवशी चहासुद्धा पिऊ नका, निघा. घरातल्या माणसांना एवढंच सांगते की घरातली बाई वास येतो म्हणाली, तर येतो.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा आत्या सोप्यातच बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोळ्याकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"गेला का वास?"

"गेला."

"माजा न्हवता तर."

"न्हवता ओ, आत्या. माजाच होता. दाताचा."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता उठतील, अंथरूण आत नेतील. पण त्या तिथंच राहिल्या. जेवायलाही आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. सवय झालीया." मी तक्रार करू शकत नव्हते. औषधानं जंतू गेले, 'माज्या अंगाचा वास' हे त्यांचं वाक्य गेलं नाही.

कांडपाचा हंगाम प्रणाली आणि मालकांनी कसाबसा काढला. खोबरं करपलं का हे मी प्रणालीला विचारायचे. वास नसलेल्या माणसाचं कांडपात काय काम? तरी मी जाऊन बसायचे. मग हळूहळू, तुकड्या-तुकड्यानं, काही काही परत यायला लागलं. आधी रॉकेलचा भपकारा. मग भाजलेले तीळ, अगदी लांबून, दुसऱ्याच्या घरातून आल्यासारखे.

आणि एका दुपारी तो आला.

मी मशीन पुसत होते. खाली वाकले आणि आला. कुजका, ओला, घट्ट. मी सरळ उभी राहिले, गालावर बोटं दाबून बघितली, दुखतंय का. बधिर गालाला काय दुखणार? एक डोळा मिटला, मग दुसरा. मशीनवरची लाल कळ दोन्ही डोळ्यांनी बघितली. मालक शेतात होते, प्रणाली कराडला. घरात आत्यांशिवाय कुणी नव्हतं.

मी सोप्याच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. हा प्रश्न त्या घरात मी परत कधी विचारणार नाही असं ठरवलं होतं, आणि त्यांना तर नाहीच नाही. आत्यांनी मान वर केली.

"काय झालं गं? पांडरी का पडलीयास?"

"आत्या," मी म्हटलं, "तुमाला... वास येतोय का ओ कसला?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता उठून आणखी लांब, थेट रस्त्यावर जाऊन बसतील. पण त्यांनी डोळे मिटले, तोंड वर केलं आणि सावकाश श्वास ओढला. एकदा. मग पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूला वळून.

"येतोय," त्या म्हणाल्या. "लय घान येतोय. साखर कारखान्याच्या मळीचा टँकर गेला न्हवं का आत्ता म्हामार्गानं."

मी उंबऱ्यातच बसले. आत्या सरकत माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला, डाव्या. मला तो हात कळला नाही, नुसता दिसला.

तेव्हापासून मी त्यांनाच विचारते. दिवसातून एकदा, कधी दोनदा. त्या कधी चिडत नाहीत. हातातलं काम ठेवतात, डोळे मिटून हुंगतात, आणि मग सांगतात, येतोय किंवा येत न्हाई. त्या सांगेपर्यंत मी श्वास धरून उभी असते.